सहा रोबो आणि एक केबिन

लॅमिंग्टन रोडवरून सहा छोट्या रोबोंचा संच आणला, साडेसहा हजारांना. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथला मुलगा बोलायला चांगला होता. माझं भांडण खोक्यावर छापलेल्या ‘स्वार्म’, म्हणजे थवा, या शब्दाशी आहे. नातीच्या प्रोजेक्टसाठी घेतला असं घरी सांगितलंय.

मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. आमच्याकडे सिग्नलची केबिन ठरवते आणि मोटरमन सिग्नल बघून चालतो. स्वार्ममध्ये केबिनच नसते, प्रत्येक रोबो शेजाऱ्यांकडे बघून आपलं आपण ठरवतो, म्हणून तर मला त्याचं वेड लागलं. हार्वर्डमध्ये मायकल रुबेन्स्टाइन, राधिका नागपाल वगैरेंनी २०१४ मध्ये किलोबॉट नावाचे १,०२४ छोटे रोबो एका टेबलावर सोडून त्यांच्याकडून तारा आणि इंग्रजी के काढून घेतला. एकेक रोबो जेमतेम ३३ मिलिमीटरचा. तीन ताठ पाय, आणि मोबाइल थरथरतो तशा दोन मोटरी. बोलणं फक्त शेजाऱ्याशी, तेही टेबलावर आपटून परतणाऱ्या इन्फ्रारेडमधून, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातून. चार रोबो खुणेसाठी रोवून ठेवायचे, बाकीचे घोळक्याची कड धरून सरकत येतात आणि शेजाऱ्यांपासूनची अंतरं मोजून आपली जागा ओळखतात. एक आकार व्हायला बारा तासांच्या आसपास लागायचे. मधला एक रेंगाळला की मागे सगळा खोळंबा, दादरच्या पुलावर होतो तसाच.

आता आमचे सहा. मोबाइलवर ‘गोल’ दाबलं की गोल करतात, ‘रांग’ दाबलं की रांग. शेजारचे दोघे बघायला आले, टाळ्या झाल्या. मी उठून घरातल्या वाय-फायच्या राउटरचं बटण बंद केलं. सहाही जागच्या जागी थिजले! म्हणजे केबिन आहेच, फक्त ती फोनमध्ये लपवलीय. हार्वर्डवालेही वरून इन्फ्रारेडने सगळ्यांना एकदम प्रोग्राम द्यायचे, पण आकार करताना कोण कुठे जाईल हे वरून कुणी सांगत नव्हतं.

नातीने एक रोबो उलटा केला, तर पोटाखाली इन्फ्रारेडचा एलईडी आणि रिसीव्हर व्यवस्थित सोल्डर केलेले. दिलेल्या प्रोग्रामात त्यांना कामच नाही! “आजोबा, हे तर नुसतं शोभेला ठेवलंय,” म्हणाली आणि दोन रात्री बसून तिने नवा प्रोग्राम लिहिला: प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा, शेजारी फार जवळ आला की थांबायचं. इतकंच.

घरच्या लादीवर पाय फटीत अडकत होते, म्हणून चाळीतल्या मंडळाचा कॅरम आणला. पावडर नीट पुसून घ्या, नाहीतर हे सोंगटीसारखे घसरतात. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ऐकणंच बंद, पडदा ओढावा लागतो. राउटर मात्र बंदच होता, आणि एकमेकांना न धडकता चार जण पाऊण तास फिरले. उरलेल्या दोघांच्या मोटरी कमी-जास्त थरथरतात, ते जागेवरच गिरक्या घेत बसतात. दुकानात बदलून देतो म्हणालेत.

चार्जिंगचा वैताग वेगळाच. सहा रोबोंना सहा केबली! किलोबॉट दोन पट्ट्यांच्या मध्ये सगळे एकदम चार्ज होतात.

पाचपैकी तीन तारे. खोक्यावर ‘रिमोटचे रोबो’ छापलं असतं तर चार दिले असते. कॅरम रविवारी परत मागितलाय.