सीमा आणि राज्यसंस्था: ड्युरँड रेषा घ्यावी की कूचबिहारचे छिटमहल?

सीमेमुळे राज्यसंस्था कशी घडते किंवा पोखरली जाते, यावर लघुप्रबंध करायचा म्हटलं की उपखंडातली ही दोन उदाहरणं हमखास पुढे येतात: ड्युरँड रेषा, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमा, आणि पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारलगत भारत-बांगलादेश सीमेवरचे छिटमहल, म्हणजे एका देशाचे पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले जमिनीचे तुकडे. दोन्हींवर चांगलं काम होऊ शकतं.

ड्युरँड रेषेवर साहित्याचा तुटवडा नाही. 1893 चा करार, 1947 साली पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशाविरुद्ध अफगाणिस्तानने दिलेलं मत, 2017 पासूनचं कुंपण, असा संघर्षाचा धागा सलग सापडतो. अडतं ते कारण सिद्ध करताना. पश्तून टोळ्यांच्या मुलखात सरकारचा हात पोचला नाही, तो रेषेमुळे की कायद्यामुळे? पाकिस्तानच्या बाजूला 1901 चं फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन 2018 पर्यंत लागू होतं. एकाच्या गुन्ह्यापायी अख्ख्या टोळीला शिक्षा, निवाडा पोलिटिकल एजंट या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती, नेहमीच्या कोर्टात दाद नाही. प्रौढ मताधिकारसुद्धा 1997 च्या निवडणुकीपासूनचा. म्हणजे तिथलं राज्य बऱ्याच अंशी मुद्दामच विरळ ठेवलेलं होतं. वर 1979 नंतरची युद्धं आणि निर्वासितांचे लोंढे. यातून रेषेचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि प्रत्येक प्रकरणात हाच प्रश्न आडवा येतो. माझा कल फिरला तो याच एका कटकटीमुळे.

छिटमहलांत ही कटकट बरीच कमी. भारताचे 111 तुकडे बांगलादेशात, बांगलादेशचे 51 भारतात. 2011 च्या संयुक्त मोजणीनुसार दोन्हींत मिळून साधारण 51,500 माणसं. ज्याचं गाव त्या देशाच्या पोलिसांना परका मुलूख ओलांडल्याशिवाय तिथे जाता येईना, आणि शेजारच्या ठाण्याला तिथे अधिकार नाही. वीज नाही, शाळा नाही. मुलाला भारतीय शाळेत घालायचं तर बापाच्या जागी दुसऱ्याचं नाव लावायचं. मग 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली: तुकडा ज्या देशाच्या आत होता, त्याच देशाचा झाला. गाव तेच, माणसं बहुतेक तीच, बदलली फक्त राज्यसंस्था. भारतातल्या 51 तुकड्यांतून बांगलादेशात जायला कुणीच तयार झालं नाही, हेही नोंदवण्याजोगं.

युद्ध का पेटतं, हे मात्र या उदाहरणातून कळणार नाही. प्रश्न सशस्त्र संघर्षाचाच असेल तर ड्युरँड घ्यावी लागेल. राज्यसंस्थेच्या ताकदीबद्दल काही ठामपणे म्हणायचं असेल, तर मी छिटमहलच सुचवेन.

घेतलेच तर सगळे 162 घेऊ नका. कूचबिहारच्या दिनहाटा भागातला मशालडांगा किंवा पोआतुरकुठी हा छिटमहल निवडा आणि लगतचं, आधीपासून भारतात असलेलं गाव तुलनेला ठेवा: माती तीच, भाषा तीच. शिधापत्रिका, मतदारयादी, जमिनीची खतावणी आणि वीजजोडणी या चार नोंदी 2015 च्या आधी आणि नंतर तपासा. जमिनीला सर्वाधिक वेळ राखून ठेवा, कारण पूर्वीचे व्यवहार बहुधा साध्या कागदावर झालेले असल्याने मालकी जुळवताना काम तिथेच अडतं. दहाग्राम-आंगरपोता यादीत धरू नका. त्याची अदलाबदल झालेली नाही, तो भारतातून जाणाऱ्या तीनबिघा कॉरिडॉर या चिंचोळ्या वाटेने जोडलेला बांगलादेशचाच भाग आहे.