दुखावलेल्या घोड्यासाठी जेलचे थंड बूट
पुढच्या पायाच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला) दुखापत झालेल्या घोडीसाठी घेतलेले, थंड जेल भरलेले आणि पायाभोवती बांधायचे हे बूट गुडघ्याखालून खुरावरच्या सांध्यापर्यंत नीट बसतात आणि सूज ताजी असताना, दर वेळी सुमारे २० मिनिटे बांधल्यास, पायाची उष्णता स्पष्टपणे उतरवतात. पट्टे मात्र आखूड आहेत. ते ओढून घट्ट करण्याचा मोह टाळावा, कारण असमान दाबाने कंडरेलाच इजा होऊ शकते. बूट वापरल्याने स्वारी लवकर सुरू करता येते, हा वेष्टनावरील दावा मला पटला नाही: कंडरा भरून येण्यास अनेकदा ९ ते १२ महिने लागतात, आणि लगाम धरून पायी चालवण्यापासून दुडकीपर्यंतचा प्रत्येक टप्पा पशुवैद्यानेच, सोनोग्राफी पाहून, ठरवावा. स्वारीनंतर पाय थंड करण्यासाठी मी हेच बूट अजूनही वापरते.