लालबागच्या डंखावरचा मालवणी मसाला आणि घरची कोंबडी

मार्च महिना उजाडला की मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला करून घेणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि ती पाऊस तोंडावर येईपर्यंत ओसरत नाही. मिरची निवडणे, देठ खुडणे, गरम मसाल्याचे जिन्नस भाजणे, डंखावर, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या लोखंडी मुसळांखाली, कुटणे आणि चाळून पिशवीत भरणे ही सगळी कामे येथे हाकेच्या अंतरात होतात. मी ही सेवा अनेक उन्हाळे घेत आलो आहे, आणि मालवणी पद्धतीची कोंबडी घरी मनासारखी करायची असेल, तर तयार पाकिटावर विसंबण्याऐवजी येथे एक सकाळ खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा बाजार नेमका येथेच का रुजला, हे परिसर पाहिला की उमगते. लालबाग, परळ, काळाचौकी हा गिरणगावाचा भाग. कापड गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या कुटुंबांची ही वस्ती. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले, पण प्रत्येक घराचे स्वतःचे मसाल्याचे प्रमाण मात्र टिकून राहिले. आजही दुकानदार प्रथम विचारतो, ‘मालवणी, आगरी की घाटी?’ आणि त्या उत्तरावर मिरचीचा मेळ ठरतो.

माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मिरची निवडण्याचा आहे. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून ओळखली जाणारी बेडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला सौम्य असते; रश्श्याला येणारा लाल रंग मुख्यतः तिचा. संकेश्वरी मिरची झणझणीतपणा देते, तर लवंगी मिरची आकाराने लहान असली तरी तिखटपणात कोणालाच आटोपत नाही. निव्वळ बेडगीचा मसाला दिसायला देखणा होतो, पण खोबऱ्याच्या वाटपाखाली त्याचा ठसका दबून जातो. निव्वळ तिखट मिरची घेतली, तर रस्सा पुरेसा लाल होईपर्यंत तो खाण्यापलीकडे तिखट झालेला असतो. मी एक किलो मिरचीत बेडगी निम्म्याहून थोडी अधिक, उरलेली बहुतेक संकेश्वरी आणि लवंगी जेमतेम मूठभर घेतो. चांगला दुकानदार हे प्रमाण ऐकून घेतो, मिरची हातात मोडून दाखवतो आणि ती कडकडीत वाळलेली नसेल तर तसे सांगतो. दमट मिरची डंखावर नीट कुटली जात नाही आणि पुढे मसाल्याला बुरशी धरण्याची भीती असते.

भाजणीत मात्र ग्राहकाने स्वतः उभे राहावे. धणे, बडीशेप, शहाजिरे, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, मसाला वेलची, दालचिनी, लवंग, मिरी या प्रत्येकाला लागणारी आच वेगळी असते. दालचिनीचा तुकडा तापायला जितका वेळ घेतो, तितक्या वेळात खसखस करपते, आणि करपलेल्या खसखशीचा कडवटपणा पुढे कितीही खोबरे घातले तरी रश्श्यातून जात नाही. म्हणून जिन्नस वेगवेगळे भाजून देणाऱ्या दुकानालाच मी पसंती देतो. एकदा गर्दीच्या दिवसांत एका दुकानात सगळे जिन्नस एकाच कढईत टाकले गेले. त्या मसाल्याची कोंबडी वर्षभर किंचित कडसर लागत राहिली. त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही.

डंखाची मुसळे वरून खाली आपटत राहतात, उखळातला मसाला कुटला जातो, चाळला जातो आणि वरचा भरडा पुन्हा उखळात पडतो. वेगाने फिरणाऱ्या दळणयंत्रात मसाला अधिक तापतो आणि लवंग, वेलची, शहाजिरे यांची उडून जाणारी सुगंधी तेले त्या उष्णतेत कमी होतात. कुटण्यात ही झीज कमी होते. डंखावरून आलेला मसाला हाताला किंचित रवाळ लागतो आणि तेलात पडल्यावर लगेच जळत नाही, हा त्याचा गुण स्वयंपाक करणाऱ्याला पहिल्याच फोडणीत जाणवतो.

कोंबडीत या मसाल्याची परीक्षा मी अशी घेतो. एक किलो कोंबडीला आले, लसूण, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे हिरवे वाटण, हळद व मीठ चोळून ती तासभर मुरवतो. तेलात कांदा गुलाबी होईपर्यंत परततो आणि आच मंद करून तीन ते चार चमचे मसाला टाकतो, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलातच उतरतो. मसाल्याच्या कडेने तेल दिसू लागले की कोंबडी घालून झाकणावर पाणी ठेवायचे. भाजलेला कांदा आणि खोबरे यांचे वाटप कोंबडी बहुतेक शिजल्यावरच घालावे आणि रस्सा वाढवायला गरम पाणीच वापरावे. एवढ्यावर तवंग लालभडक येतो, वेगळा गरम मसाला लागत नाही आणि वड्याबरोबर खाताना मिरचीआधी दगडफुलाचा व बडीशेपेचा वास येतो. बाजारातल्या पाकिटांत मला नेमका हाच वास हरवलेला वाटतो. तिखटपणा असतो, रंगही असतो, पण प्रत्येक घासाला चव तीच राहते. सुक्या कोंबडीत, जिथे पाणी जवळजवळ नसते, तिथे हा फरक अधिकच ठळक होतो. गावठी कोंबडीला वेळ दुप्पट द्यावा लागतो, पण हा मसाला त्या दीर्घ शिजण्यातही फिका पडत नाही.

उणिवाही आहेत. एप्रिल-मेमध्ये रांग लांब असते, हवेत मिरचीची धूळ भरलेली असते, आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मुलांना घेऊन येथे जाऊ नये. आपल्या आधी त्याच डंखावर दुसऱ्याचा मसाला कुटला गेलेला असतो, त्यामुळे उखळ झाडून घेण्याचा आग्रह धरावा. कुटण्यात आणि चाळण्यात थोडी घट येतेच. परंतु वजन आधी आणि नंतर समोर करून घेतले की शंकेला जागा उरत नाही. अर्धा किलो मसाला पुरणाऱ्या लहान कुटुंबाला हा खटाटोप एकट्याने परवडत नाही. दोन-तीन घरांनी मिळून एकच घाणा काढावा.

करी रोड आणि चिंचपोकळी ही दोन्ही स्थानके येथून चालण्याच्या अंतरावर आहेत. शक्यतो मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी आणि सकाळी दुकाने उघडताच पोहोचावे. घरी आणलेला मसाला पूर्ण निवल्याशिवाय बरणीत भरू नये. भरताना मध्ये हिंगाचे खडे ठेवावेत आणि रोजच्या वापरापुरता मसाला लहान डब्यात काढून मोठी बरणी अंधाऱ्या फडताळात बंद ठेवावी.