सनावळीसकट वाचलेले विचारवंत : एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात पुण्यात मी पाश्चात्त्य राजकीय विचारांचा दहा सत्रांचा एक सशुल्क अभ्यासवर्ग पूर्ण केला. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, एकूण शुल्क तीन हजार रुपये आणि शिकवणे संपूर्णपणे मराठीतून, असे त्याचे स्वरूप होते. पदवीच्या वर्षांत मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक आणि रूसो यांची मते आम्ही मुद्दे म्हणून पाठ केली होती. ती मते कोणत्या संकटात आणि कोणाला उद्देशून मांडली गेली, हा प्रश्न तेव्हा कोणी आमच्यापुढे ठेवला नव्हता. या वर्गाने तो प्रश्न प्रत्येक विचारवंतापुढे ठेवला, आणि दिलेल्या शुल्काचे चीज झाले ते मुख्यतः त्यामुळेच.

शिकवणाऱ्या प्राध्यापकांची पद्धत साधी आहे. सत्राच्या सुरुवातीला ते फळ्यावर आठ-दहा सन लिहितात, त्यापुढे एकेका ओळीत घटना लिहितात आणि मगच मूळ ग्रंथातील उतारे वाचायला घेतात. मॅकियाव्हेलीच्या दोन सत्रांत ही पद्धत सर्वाधिक फळली. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्यासह इटलीत उतरला आणि फ्लॉरेन्समधून मेडिची घराण्याची सत्ता गेली. १४९८ मध्ये साव्होनारोला या धर्मोपदेशकाला फाशी देऊन त्याचे प्रेत भर चौकात जाळण्यात आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच २९ वर्षांचा मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या सेवेत रुजू झाला. पुढची चौदा वर्षे त्याने इतर दरबारांत राजदूत म्हणून वकिलाती केल्या, पोपचा महत्त्वाकांक्षी सेनापती-मुलगा सेझारे बोर्जा याचे डावपेच जवळून पाहिले आणि भाडोत्री सैनिकांवरचा विश्वास उडाल्यामुळे नागरिकांची स्वतःची फौज उभी केली. ही फौज १५१२ मध्ये प्रातो येथे स्पॅनिश सैन्यापुढे टिकली नाही, शहर लुटले गेले आणि मेडिची परत आले. १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून मॅकियाव्हेलीला पकडून, हात पाठीमागे बांधून दोरीने वर ओढण्याची शिक्षा अनेकदा देण्यात आली. सुटका झाल्यावर तो गावाकडच्या घरी गेला आणि त्याच वर्षी त्याने ‘द प्रिन्स’ लिहायला घेतले.

एवढे फळ्यावर असताना, प्रेम आणि भीती या दोहोंपैकी एकच साधणार असेल तर राजाने भीती निवडणे अधिक सुरक्षित, हे वाक्य वाचले की त्यामागे गंमत म्हणून क्रूरपणा शिकवणारा माणूस दिसत नाही. ज्याचे सरकार, नोकरी आणि फौज एकाच वर्षात मातीला मिळाली असा अधिकारी दिसतो. भाडोत्री फौजांवरची प्रकरणे तर त्याच्या स्वतःच्या कचेरीतील अनुभवाचा अहवालच आहेत. प्राध्यापकांनी १० डिसेंबर १५१३ च्या त्याच्या पत्रातला भागही वाचून दाखवला. दुपारनंतर गावातल्या खाणावळीत पत्ते खेळून संध्याकाळी तो चिखलाने माखलेले कपडे उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीन ग्रंथकारांशी बोलायला बसतो, असे त्याने त्यात लिहिले आहे. ते ऐकताना सभागृहात पूर्ण शांतता होती. ग्रंथ ज्याला अर्पण केला तो लोरेन्झो मेडिची आणि लेखकाचा छळ करणारी राजवट एकाच घराण्याची, हा तपशील त्यानंतर आला आणि त्या ग्रंथाचा नोकरीसाठीचा अर्ज म्हणूनही अर्थ लागू लागला. प्रजासत्ताकाची बाजू घेणारा त्याचा, लिव्ही या रोमन इतिहासकारावरील ग्रंथ मात्र पंधरा मिनिटांत आटोपला गेला. तो नीट वाचल्याशिवाय या माणसाचा निवाडा करणे अन्यायाचे आहे, असे मला वाटते.

हॉब्जच्या सत्राबाबत माझी खरी तक्रार आहे. १५८८ मध्ये, स्पॅनिश आरमाराच्या धास्तीत इंग्लंड असताना झालेला जन्म, १६४० मध्ये पॅरिसला पलायन, १६४९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद आणि १६५१ मध्ये ‘लिव्हायथन’ हा त्याचा मुख्य ग्रंथ, ही साखळी सुंदर उलगडली गेली. मुखपृष्ठावरच्या, असंख्य माणसांच्या देहांनी बनलेल्या राजाचे चित्र पडद्यावर मोठे करून दाखवले, तेही उत्तम झाले. पण निष्कर्ष असा काढला गेला की राजा आणि संसद यांच्यातल्या इंग्लंडमधील यादवी युद्धाने हॉब्ज घडवला, म्हणून त्याला निरंकुश सत्ता हवी होती. हे पुरेसे नाही. त्याच युद्धाच्या काळात, १६४७ मध्ये, लंडनजवळच्या पटनी येथे संसदेच्या लष्करातले शिपाई आणि अधिकारी एकत्र बसून गरिबातल्या गरीब माणसालाही मत असावे की नाही यावर वाद घालत होते. त्याच युद्धातून गेलेल्या हॅरिंग्टन या इंग्रज विचारवंताने १६५६ मध्ये, जमिनीची मालकी ज्यांच्या हाती त्यांच्या हाती सत्ता जाते, असे मांडून प्रजासत्ताकाचा आराखडा दिला. संकट एकच होते, उत्तरे तीन निघाली. काळ विचारवंतापुढे प्रश्न ठेवतो, उत्तर त्याला स्वतः शोधावे लागते, आणि हा फरक सुटला की तत्त्वज्ञानाचा अभ्यास नुसत्या चरित्रांचा अभ्यास होऊन बसतो. मी हा मुद्दा वर्गात मांडला तेव्हा प्राध्यापकांनी तो मान्य केला, परंतु पुढे जाण्याची घाई असल्यामुळे चर्चा वाढली नाही. संरक्षण आणि आज्ञापालन यांचा परस्परसंबंध हॉब्ज ग्रंथाच्या अखेरीस सांगतो. राजा हरल्यावर नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यावी की नाही, या तेव्हाच्या इंग्रज माणसाच्या पेचाला ते थेट उत्तर होते. तो उतारा वाचला गेला असता तर सत्राला पूर्णता आली असती.

लॉकच्या सत्राने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. त्याच्या शासनविषयक दोन निबंधांचा ग्रंथ १६८९ च्या अखेरीस निनावी छापला गेला, म्हणून राजा दुसरा जेम्स याला पदच्युत करणाऱ्या १६८८ च्या इंग्लंडमधील राज्यक्रांतीचे समर्थन करण्यासाठीच तो लिहिला, असे आपण सगळेच शिकलो आहोत. पीटर लास्लेट या अभ्यासकाने विसाव्या शतकात दाखवून दिले की त्याचा मोठा भाग जवळपास दहा वर्षे आधी, राजाचा कॅथलिक भाऊ असलेल्या याच जेम्सला गादीपासून दूर ठेवण्याचा संघर्ष पेटला होता तेव्हाच लिहिला गेला होता. या एका तारखेने ग्रंथाचा अर्थच पालटतो. झालेल्या क्रांतीला पाठिंबा देणे सोपे असते. होऊ न शकलेल्या उठावाच्या बाजूने लिहिणे म्हणजे गळ्याला फास लावून घेणे. राजसत्तेचा विरोधक असलेला लेखक अल्जर्नन सिडनी याचा १६८३ मध्ये शिरच्छेद झाला आणि खटल्यात त्याचे अप्रकाशित हस्तलिखितच पुरावा म्हणून वापरले गेले. लॉक त्याच वर्षी हॉलंडला निघून गेला, आणि त्या ग्रंथाचे कर्तृत्व त्याने अखेर १७०४ मधल्या मृत्युपत्रातच कबूल केले. याच लॉकचे गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीत भाग होते, हेही प्राध्यापकांनी न लपवता सांगितले. स्वातंत्र्यावरची त्याची पाने त्यामुळे टाकून द्यावीत असे कोणी म्हटले नाही, पण ती पाने वाचताना हा तपशील नजरेआड करता येत नाही.

फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू आणि रूसो एकाच सत्रात कोंबल्यामुळे दोघांनाही न्याय मिळाला नाही. स्वतःला अभिमानाने ‘जिनिव्हाचा नागरिक’ म्हणवणाऱ्या रूसोचा ‘सामाजिक करार’ १६६२ नव्हे तर १७६२ चा, आणि तो त्याच वर्षी जिनिव्हातच जाळला गेला. वाटलेल्या टिपणांत सनाची ही चूक होती, ती पुढच्या वेळी सुधारली जावी. सनावळीवर उभ्या असलेल्या वर्गात अशी चूक राहणे बरे नाही.

शेवटचे सत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’साठी होते आणि त्याला प्रत्यक्षात जेमतेम पाऊण तास मिळाला. कोल्हापूर आणि साताऱ्याच्या गाद्या वेगळ्या झाल्यावर, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध झालेला हा ग्रंथ औरंगजेबाच्या स्वारीत राज्य तगवून धरलेल्या माणसाच्या अनुभवातून आला आहे. किल्ला म्हणजेच राज्य हा त्यातला आग्रह, वतने वाटून राज्य क्षीण होते हा इशारा आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, समुद्रकाठी ठाण मांडू न देण्याची ताकीद, या तिन्हींमागे मागची चाळीस वर्षे उभी आहेत. आरमारासाठी लाकूड हवे, पण रयतेने लेकरांसारखे वाढवलेले आंबे-फणस तोडू नयेत, हा भाग वाचताना मॅकियाव्हेलीनंतर आम्हा सर्वांना वेगळ्याच राज्यकर्त्याचा आवाज ऐकू आला. भीती आणि प्रेम यांचा हिशेब इथे रयतेच्या झाडांपर्यंत पोचतो. या ग्रंथाला दोन पूर्ण सत्रे द्यावीत, अशी लेखी सूचना मी केली आहे.

सभागृहातील ध्वनिव्यवस्था मागच्या रांगांसाठी अपुरी होती, टिपणांच्या छायाप्रती फिकट होत्या आणि सत्रांचे ध्वनिमुद्रण कोणालाही दिले गेले नाही, त्यामुळे चुकलेले सत्र चुकलेच. स्पर्धा परीक्षेसाठी झटपट मुद्दे हवे असणाऱ्याने तीन हजार रुपये इथे घालवू नयेत. मूळ उतारे घरी वाचून येण्याची तयारी ज्याची आहे, त्याने मात्र पुढच्या तुकडीत अवश्य नाव नोंदवावे आणि पहिल्या तीन रांगांत बसावे.