करप्याचे बटाटे: कंपोस्टात की खोल खड्ड्यात?

बटाट्यावर करपा हा रोग आला, पीक काढलं, आता हिवाळाभर त्या अवशेषांचं करायचं काय? दोन वाटा आहेत: कंपोस्ट किंवा खोल पुरणं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. उशिरा येणारा करपा ज्याच्यामुळे होतो तो सूक्ष्मजीव, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, बहुधा जिवंत पेशींतच तगतो. पाला वाळला, कुजला की त्याचाही खेळ संपतो. बटाटा मात्र जिवंत असतो. रोगट कंद कापून पाहा: सालीखाली तांबूस-तपकिरी, रवाळ डाग आत पसरलेले दिसतील. असा एखादा कंद थंडीतून वाचला आणि वसंतात त्याला कोंब फुटला, तर नव्या करप्याची सुरुवात तिथूनच होते.

म्हणून पाल्यासाठी कंपोस्ट मला चालतं, पण ढीग चांगला तापणारा हवा, निदान ५५ अंश सेल्सियसपर्यंत. घरच्या बागेतले छोटे ढीग हिवाळ्यात इतके तापत नाहीत, आणि कडेला पडलेला कंद तर उबेत आरामात जगतो. कंदांसाठी कंपोस्ट नकोच.

पुरायला कष्ट पडतात, खतही मिळत नाही. तरी कंदांसाठी मी हाच मार्ग सुचवेन. खड्डा दीड-दोन फूट खोल हवा. उथळ पुरलात तर कोंब वर येतात. वाफा पुन्हा उकरून सुटलेले बारके बटाटेही वेचा. वसंतात आपोआप उगवलेलं रोप दिसलं, की कंदासकट उपटा.