फर्नेसचं ट्यून-अप: आकडे लिहून देणार असतील तरच घ्या

न्यू जर्सी, शिकागो, टोरोंटो या भागांत थंडीच्या तोंडावर गॅस फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या) वार्षिक ट्यून-अपच्या, म्हणजे तपासणी-सफाईच्या, जाहिराती सुरू होतात. ही सेवा घ्यावीच, पण तंत्रज्ञ मोजमापाची उपकरणं बाहेर काढणार असेल तर. फिल्टर बदलून आणि व्हॅक्यूम फिरवून निघून जाणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे? तेवढं घरच्या घरी होतं.

खरं काम फ्लेम सेन्सरपासून सुरू होतं. बर्नरच्या ज्योतीत राहणारी ही बारीक दांडी एका स्क्रूवर बसवलेली असते. तिच्यावर थर जमला की ज्योत पेटूनही कंट्रोल बोर्डाला (फर्नेस चालवणाऱ्या सर्किटला) कळत नाही. बर्नर पेटतो, काही सेकंदांत विझतो, पुन्हा पेटतो. बारीक स्टील वूलने पुसली की बहुतेक वेळा भागतं. पुसल्यावर सेन्सरचा करंट मोजून घ्या: 1 मायक्रोअँपच्या खाली असेल तर ऐन थंडीत फर्नेस बंद पडू शकतं. शेजारच्या इग्नायटरला (गॅस पेटवणाऱ्या भागाला) मात्र बोट लावू नका, तो फार ठिसूळ असतो.

मग मोजायचा बर्नरला जाणाऱ्या गॅसचा दाब (नैसर्गिक गॅसला साधारण 3.5 इंच वॉटर कॉलम; हे दाबाचं एकक) आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. हा फरक नेमप्लेटवरच्या मर्यादेपेक्षा जास्त आला तर हवा कमी पडतेय. कारण बहुधा तुंबलेला फिल्टर, नाहीतर हौसेने बसवलेला एक इंची मर्व 13 फिल्टर (मर्वचा आकडा जितका मोठा, तितके बारीक कण अडतात). हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) जास्त तापतो, लिमिट स्विच (जास्त तापल्यावर चालणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की एक्स्चेंजरला तडा जाऊ शकतो. एक इंचाच्या खाचेत मर्व 8 पुष्कळ झाला. दर महिन्याला बघावा, फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे (हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) ठेवावा.

पांढऱ्या पीव्हीसी पाइपांचं फर्नेस असेल तर पाण्याचा ट्रॅप (धुरातून निघणारं पाणी साचणारा वळणदार भाग) धुतला का, तेही विचारा. बाहेरची पाइपांची तोंडं बर्फाने बुजू न देणं हे आपलं काम.

‘तडा गेलाय, नवीन घ्या’ असं सांगितलं तर कॅमेऱ्यातला फोटो आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा आकडा मागा. आकडा वाढलेला असेल तर फर्नेस लगेच बंद करा. विक्रीच्या कागदावर सही दुसऱ्याचं मत घेतल्यावर. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे म्हणून ही मोजणी टाळू नका: अमेरिकी मानकाप्रमाणे 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात.