बीम ६० अंशांवर: समोर शीट की मागे ट्यूनर?

फेज्ड अ‍ॅरे म्हणजे अनेक छोट्या अँटेनांचा (एलिमेंट्सचा) संच; त्याचा बीम, म्हणजे रेडिओ लहरींचा झोत, अँटेना न हलवता सिग्नलच्या फेजने कलवतात. बीम समोर असताना जुळवलेला इम्पीडन्स (अँटेनाचा एसी करंटला होणारा विरोध) बीम कलताच बिघडतो. अँटेना-अभियंते व्हीलर यांच्या आदर्श करंट-शीटच्या गणितात (यात अख्खा अ‍ॅरे करंटचा सलग, अमर्याद पत्रा मानतात) ६० अंशांवर रोध ई-प्रतलात (बीम विद्युत क्षेत्राच्या प्रतलात कलला तर) निम्मा, एच-प्रतलात (त्याला काटकोनात कलला तर) दुप्पट होतो. दोन्हीकडे सुमारे ११ टक्के पॉवर परत फिरते.

मॅगिल आणि व्हीलर यांनी १९६६ मध्ये मांडलेला उपाय मला फार आवडतो: अ‍ॅरेसमोर थोड्या अंतरावर पातळ डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाची) शीट. कोनाबरोबर शीटचा परिणामही दोन्ही प्रतलांत वेगवेगळा बदलतो आणि बरीचशी भरपाई आपोआप होते. वीज नको, कंट्रोल नको. जाडी आणि अंतर मात्र काटेकोर हवं.

दुसरा पर्याय: प्रत्येक एलिमेंटमागे बदलता ट्यूनर (इम्पीडन्स जुळवणारं सर्किट) लावला, तर तो कोन आणि फ्रिक्वेन्सी दोन्हींप्रमाणे जुळवून घेतो. पण त्यातल्या व्हॅरॅक्टरचा (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडचा) लॉस आणि त्याला व्होल्टेज देणाऱ्या बायसच्या तारा सोबत येतात. १६ बाय १६ च्या अ‍ॅरेत असे २५६ ट्यूनर!

पुण्यातल्या कॉलेज लॅबसाठी मी शीटच सुचवेन. शीटचं अंतर राखणारे नेमक्या मापाचे स्पेसर भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेता येतील. गच्चीवर चाचणी असेल तर पावसाळ्यात शीटवर पाणी साचू देऊ नका. पाण्याची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) इतकी मोठी असते, की पातळ थरानेही मॅचिंग सरकतं.